काचेची काठी आणि पुढची जागा

मी, अर्डिथ मे पोग, कै. हॉलिस पोग यांची विधवा, वय वर्षे सत्त्याहत्तर, व्यवसाय गळ, काठ्या व रिळांचे दुकान, राहणार सँडलिक लँडिंग, ओकोली तलावाचा पूर्व काठ, अलाबामा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर कोणाचेही न ऐकता, हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. दृष्टी चष्म्यासकट शाबूत आहे. खुब्याचे हाड तेवढे गेल्या मार्चात मोडले, पण माणूस खुब्याने विचार करतो असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

हे इतके ठासून लिहायचे कारण असे. माझा धाकटा दीर व्हेस्टर पोग एप्रिलपासून गावभर सांगत फिरतो आहे की वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय. चर्चच्या पायऱ्यांवर सांगतो, पेट्रोल पंपावर सांगतो, केस कापून घेता घेता न्हाव्याला सांगतो. त्याचा हेतू मला पुरता ठाऊक आहे. मी गेल्यावर त्याला कोर्टात उभे राहून म्हणायचे आहे की म्हातारी भ्रमिष्ट होती, तिचे मृत्युपत्र रद्द करा. ते रद्द झाले तर सगळे माझ्या मुलाकडे, गारलंडकडे जाईल. गारलंड व्हेस्टरच्या दुकानात बोटी विकतो आणि व्हेस्टरपुढे त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. म्हणजे माझ्या काठ्या, बास मासे धरणाऱ्यांच्या क्लबातली माझी जागा आणि तलावात बोटी उतरवायचा माझा उतार व्हेस्टरच्या नातवाच्या, त्या ब्रँटलीच्या, घशात जाईल आणि माझी नात ओडेसा जन्मभर बोटीत मागे बसेल. मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही, आणि मेल्यावरही होऊ नये म्हणून हा खटाटोप.

कलम पहिले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात मी सगळ्यांशी फार चांगली वागले होते. ते रद्द.

कलम दुसरे. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, मक्याची भाकरी भाजायचा बिडाचा तवा आणि मागच्या अंगणातले पीचचे झाड मुलगा गारलंड यास. तो माझा मुलगा आहे. तो वाईट नाही, त्याला कणा नाही. लहानपणी गळाला लावलेला किडासुद्धा त्याला बघवत नसे, तेव्हा मला त्याचे कौतुक वाटे. आता पन्नाशीत पोचला तरी समोर अन्याय होत असताना तो तसाच तोंड फिरवतो, आणि मला त्याचा राग येतो. रागाहून जास्त वाईट वाटते. घर त्याने विकू नये. विकलेच तर व्हेस्टरला विकू नये.

बँकेत जे काही निघेल त्यातून माझे दफन साधेपणाने करावे आणि उरेल ते ओडेसाला द्यावे.

कलम तिसरे. क्लबातली जागा. आमच्या सँडलिक बास क्लबाचा नियम परक्याला माहीत नसेल म्हणून लिहिते. सभासदांच्या जागा ठरलेल्या आहेत. एक मेल्याशिवाय दुसरा आत येत नाही. मेलेल्याची जागा कोणाला? तर त्याने लेखी मृत्युपत्राने आपल्या काठ्या ज्याला दिल्या, त्याला. लेखी काही नसेल तर अध्यक्ष म्हणेल त्याला. अध्यक्ष कोण, हे सांगायला नकोच. हा नियम हॉलिस आणि व्हेस्टर या दोघा भावांनीच केला, बापाची जागा मुलाला बिनबोभाट मिळावी म्हणून. बायकांचा विचार त्यांच्या स्वप्नातही नव्हता. बायकांनी मासे तोलावेत, गोड चहाचे पिंप भरावे, आणि फारच हौस असेल तर नवऱ्याच्या बोटीत मागे बसावे.

मागे बसणे म्हणजे काय ते ज्याने अनुभवले त्यालाच कळते. पुढे उभा असतो तो पायाने छोटी मोटर चालवतो. बोट कुठे थांबणार, झाडाच्या बुंध्याशी आमिष आधी कोण टाकणार, सगळे तोच ठरवतो. मागच्याच्या वाट्याला येते ते उष्टे पाणी. एकतीस वर्षे मी हॉलिसचे उष्टे पाणी चाळले आणि तरीही पुष्कळदा त्याच्यापेक्षा जास्त मासे काढले. "आर्डी, आज तुझं नशीब जोरावर आहे," असे तो म्हणे. नशीब! दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाप्याला काठी मी निवडून देत होते, रिळावर दोरा मी भरत होते, आणि तलावावर गेले की माझे नशीब. मी त्याच्यावर प्रेम केले, हे खरे. पण एकदाही त्याने वळून "ये, तू पुढे उभी राहा" म्हटले नाही, हेही तितकेच खरे, आणि ते मी त्याला वर भेटल्यावर सांगणार आहे.

हॉलिसने मृत्युपत्र केले ते आळसाने, एका ओळीत. 'जे काही आहे ते बायकोला.' त्यात काठ्याही आल्या. दफन झाल्यावर व्हेस्टर टोपी हातात धरून माझ्या स्वयंपाकघरात आला.

"वहिनी, नियमाचा अर्थ तसा नव्हता हो."

"अर्थ तुम्ही दोघांनी पोटात ठेवलात, कागदावर फक्त नियम ठेवलात," मी म्हणाले. "शनिवारी येते मी. आणि पुढे उभी राहणार आहे."

दुसऱ्याच वर्षी मी वसंतातली मोठी स्पर्धा जिंकले. आमच्याकडे जिंकणाऱ्याला खोटे पकडायच्या यंत्राला बसवतात. छातीला पट्टे, बोटांना चिमटे, आणि एक परका माणूस विचारतो: मासा तुम्हीच धरला का, वजन वाढवायला पोटात शिसे भरले का. प्रथा वाईट नाही. शिसे भरणारे मी पाहिले आहेत. पण बाकीच्यांना एकदा बसवतात, मला तीनदा बसवले. तिसऱ्यांदाही यंत्र म्हणाले की बाई खरे बोलते. तेव्हा व्हेस्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "यंत्रच बदलायला पाहिजे." आणि सगळे हसले. वहिनी विसरायला लागल्या म्हणतोस ना, व्हेस्टर? त्या दिवशी तू निळा सदरा घातला होतास आणि कॉलरवर मोहरीचा डाग होता.

कलम चौथे. माझ्या सर्व काठ्या, रिळे व दोरे, दुकानातला माल आणि दुकान, हे सर्व नात ओडेसा गारलंड पोग हिला. या कलमानेच क्लबातली जागाही तिची. कोणती काठी कशासाठी हे तिला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते, म्हणजे 'म्हातारीला काय कळत होते' असे कोणी म्हणायला नको.

ओडेसा, पिवळट रंगाची काचतंतूंची काठी पहिली उचल. दिसायला ती झाडूच्या दांड्यासारखी आहे आणि नव्या पोरांना ती बघून हसू येते. हसू देत. ती अर्ध्यापर्यंत सावकाश वाकते, आणि तिची सगळी किंमत त्या वाकण्यात आहे. तिला बांधायच्या आमिषाच्या, म्हणजे लाकडी मासोळीच्या, पोटाखाली तीनकाटी बारीक गळ असतात. बास ती मासोळी गिळत नाही, बाजूने चावा घेतो, आणि गळ ओठाच्या पातळ कातडीत जेमतेम अडकतो. ताठ काठीने हिसडा दिलास की कातडी फाटली आणि मासा गेला. ही काठी माशाचा जोर आपल्या अंगावर घेते. तिच्यावर जुने, हळू गुंडाळणारे रीळच राहू दे, कारण मासोळी पळवायची नसते, तळाच्या दगडांवर ठेचकाळत आणायची असते. आणि दोरा तंगुसाचा, म्हणजे साध्या नायलॉनचा, कारण तंगूस ताणले जाते.

काळी ताठ काठी गवतासाठी. पाणगवताच्या जाळीतून पाच पौंडी मासा उपसायचा तर तिथे लाड चालत नाहीत. तिच्यावर जलद रीळ आणि विणलेला दोरा, जो मुळीच ताणला जात नाही. मात्र विणलेला दोरा रिळावर भरण्याआधी खाली तंगुसाचे थोडे वेढे घालायचे. हे आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरालाही माहीत असते, पण ब्रँटलीला नव्हते. मागल्या वर्षी तो महागडे रीळ घेऊन दुकानात आला आणि ते त्याने गल्ल्यावर आदळले.

"अर्डिथआजी, खराब माल विकता राव तुम्ही! हँडल फिरवतोय, रीळ फिरतंय, आणि मासा जागचा हलत नाही!"

मी दोरा चिमटीत धरून ओढला. अख्खा गठ्ठा गुळगुळीत रिळावर गरागरा फिरला.

"खाली तंगूस घातलंस का?"

"कशाला? व्हिडिओत तर कोणी घालत नाही."

"मग व्हिडिओतल्यालाच जाऊन परत दे."

नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय. तरी मी त्याला ते रीळ नीट भरून दिले होते.

पाण्यावर नाचणाऱ्या आमिषाला, ओडेसा, बुडणारा दोरा कधी बांधू नकोस, त्याने आमिषाचे नाक पाण्यात जाते. तिथे तंगूस, ते तरंगते. उन्हाळ्यात पाणी नितळ झाले की बुडणारा, माशाला न दिसणारा दोरा आणि हलकी काठी. आणि गाठ आवळण्याआधी ओठांनी ओली कर. कोरडी आवळलेली गाठ घासून तापते, आतून जळते, आणि दिवसभर छोट्या माशांना धरून ठेवून मोठ्याला दगा देते.

कलम पाचवे. एप्रिलमध्ये काय घडले. हे कलम कोर्टात मोठ्याने वाचावे.

माझा खुबा मोडलेला, म्हणून स्पर्धेत मी काठावर तराजूपाशी खुर्चीत होते. ओडेसा क्लबाची सभासद नाही, म्हणून तिला चिठ्ठीत निघेल त्या बोटीत मागे बसायचे होते. चिठ्ठी निघाली ब्रँटलीची. तो आजोबांच्या जागेवर बदली म्हणून उतरला होता, कारण व्हेस्टरची पाठ धरली होती; माझ्या जागेवर ओडेसाची बदली मात्र व्हेस्टरने चालू दिली नव्हती. आमच्या स्पर्धेत पुढच्याचे मासे पुढच्याच्या पिशवीत, मागच्याचे मागच्याच्या. मी ओडेसाला ती पिवळट काचेची काठी दिली होती आणि सांगितले होते, पाण्यात बुडालेला जुना रस्ता दिसला की त्याच्या कडेने मासोळी चालव.

तिने तशीच चालवली. ब्रँटली दिवसभर गवतात ताठ काठी आपटत राहिला आणि त्याला काही मिळाले नाही. तिला नऊ पौंडांचा मासा लागला. तिने तो बोटीपर्यंत आणला. ब्रँटलीने जाळ्यात घेतला, गळ काढला आणि मासे जिवंत ठेवायच्या स्वतःच्या टाकीत टाकला. ती ओरडली तेव्हा म्हणाला, "बोट माझी, मासा माझा. मागे बसलीस ना, मग गप बस."

तराजूपाशी त्याने तो दोन्ही हातांनी उचलून धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओडेसाचा चेहरा बघून मला काय ते कळले. मी खुर्चीतूनच विचारले, "कुठल्या काठीवर धरलास रे?"

त्याने ऐटीत ताठ काठी दाखवली. त्या काठीच्या टोकाला ओडेसाचीच लाकडी मासोळी बांधलेली होती, घाईघाईत.

"आण इकडे मासा," मी म्हणाले, आणि त्याचा जबडा उघडला. ओठाच्या कडेच्या कातडीला सुईने टोचावे एवढे एकच छिद्र. ताठ काठी, न ताणला जाणारा दोरा आणि नऊ पौंड वजन, तर तिथे माझे बोट जाईल एवढी फाट हवी होती. नाहीतर मासा सुटलेला हवा होता. हे मी सगळ्यांना दाखवले. तिथे जन्मभर बास धरलेली तीसेक माणसे उभी होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला माझे म्हणणे कळले. प्रत्येकाला. मी त्यांचे चेहरे पाहिले. एकही बोलला नाही.

व्हेस्टर हसत पुढे आला. "वहिनींना ऊन लागलंय. हल्ली होतं असं त्यांना. चला, सावलीत न्या त्यांना कोणीतरी."

"यंत्राला बसव तुझ्या नातवाला," मी म्हणाले.

"घरच्या पोराला कसलं यंत्र, वहिनी!"

मला तीनदा. त्याला एकदाही नाही. चोर तो चोर, वर शिरजोर.

गारलंड माझ्या खुर्चीमागे उकडलेल्या शेंगा खात उभा होता. माझ्या मुलाने, तिच्या बापाने, शेंगेचे टरफल टाकले आणि म्हटले, "आई, जाऊ दे ना. एक मासाच तर आहे."

त्या संध्याकाळी ओडेसाने काठी पुसून दुकानात खुंटीला लावली. "आजी, ठेवली जागेवर. आता मला नको."

"का गं?"

"मासा मी धरला हे मला माहितीये, तुला माहितीये. पण बाबांनाही माहीत होतं. ते गप्प बसले." मग म्हणाली, "मला आता पाणीच नको."

ती बर्मिंगहॅमला निघून गेली. तिथे एका दातांच्या दवाखान्यात फोन घेते. रविवारी बोलते माझ्याशी, हवेबद्दल. एप्रिलपासून तिने तलाव पाहिलेला नाही. तिचा मासा चोरला याचा मला संताप आहेच, पण त्याहून मोठी चोरी ही आहे, आणि त्यासाठी मी कोणालाही माफ केलेले नाही. मरतानाही करणार नाही. पाळकसाहेबांनी आग्रह करू नये.

कलम सहावे. तलावात बोटी उतरवायचा सिमेंटचा उतार आणि गाड्या लावायची जागा ही माझ्या मालकीची आहे. क्लब ती आजवर फुकट वापरतो आणि फुकट आहे हे विसरून वापरतो. ती ओडेसाला. क्लबाला तिथून बोटी उतरवायची परवानगी दोन अटींवर. एक, ओडेसा तिच्या जागेवर, तिच्या बोटीत, पुढे उभी राहील. दोन, क्लबाच्या भिंतीवर त्या नऊ पौंडी माशाची जी प्रतिकृती लावली आहे, तिच्याखालची ब्रँटलीच्या नावाची पट्टी काढून 'ओडेसा पोग, काचेची काठी, मागच्या जागेवरून' अशी पट्टी लावावी. दोहोंपैकी एक जरी मोडली तरी उताराला साखळी. मग खुशाल तलावाला वळसा घालून पलीकडच्या काठाला जावे आणि तिथल्या चिखलात बोटी ढकलाव्यात.

ओडेसाला तलाव नकोच असेल, तर मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही. पण पोरी, 'नको' हे तू तुझ्या स्वतःच्या बोटीत पुढे उभी राहून म्हण. मागे बसवले म्हणून म्हणू नकोस.

कलम सातवे. व्हेस्टरला माझ्या मागच्या जागेवरची लाल गादी. एकतीस वर्षे बसून ती एका बाजूला दबली आहे. त्याच्या पाठीला बरी पडेल.

ब्रँटलीला दुकानाच्या काचेत लावलेली गुलाबी, बटण दाबायच्या रिळाची काठी. ती चार वर्षांच्या मुलांसाठी आहे. दोरा मी भरून ठेवला आहे, खाली तंगूस घालण्याची त्याला चिंता नको.

कलम आठवे. मला हॉलिसच्या शेजारी पुरावे. शेजारी, मागे नव्हे. दफनाच्या वेळी क्लबातर्फे कोणी बोलू नये. 'वहिनी फार समजूतदार होत्या' असे कोणी सुरू केलेच, तर शेजारच्या ओनीडाने माईक बंद करावा. नंतर सर्वांना तळलेला मासा आणि मक्याचे वडे भरपूर घालावेत, कारण उपाशी ठेवून राग काढायची आमच्या घरात पद्धत नाही.

कलम नववे व शेवटचे. साक्षीदार. माझ्या वकील, मिस लाउडरमिल्क, यांना मी विचारले की साक्षीदाराने आतला मजकूर वाचावा लागतो का.

"नाही. तुम्ही त्याच्यासमोर सही केलीत आणि तुम्ही शुद्धीवर होतात, एवढं त्याने लिहून द्यायचं."

"आणि त्याने पुढे कोर्टात मला वेडी म्हटलं तर?"

"स्वतःची सही समोर असताना? जज्जच त्याला विचारील, तेव्हा खोटं बोललास की आता?"

म्हणून साक्षीदार मीच निवडला आहे. आज दुपारी चार वाजता त्याला पीच कॉबलर, आमचे भाजलेल्या पीचचे पक्वान्न, खायला बोलावले आहे. मी त्याला फोनवर एवढेच म्हणाले, "काठ्या पोग घराण्याबाहेर जाणार नाहीत," आणि ते अक्षरशः खरे आहे. त्याला वाटते आहे ते त्याला वाटू दे. तो धावत येईल. कॉबलरवर आइसक्रीम मी दुप्पट घालणार आहे.

येणेप्रमाणे लिहिले ते माझे, राग धरून, पण एकही शब्द रागाच्या भरात न लिहिता.

सही: अर्डिथ मे पोग
सँडलिक लँडिंग, अलाबामा
दिनांक १४ ऑक्टोबर २०१९

साक्षीदारांचे निवेदन: खाली सही करणारे आम्ही दोघे शपथेवर लिहून देतो की श्रीमती अर्डिथ पोग यांनी आमच्या डोळ्यांदेखत वरील सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या, त्यांचे बोलणे सुसंगत होते, आणि त्यांच्या बुद्धीबद्दल वा स्मरणशक्तीबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

साक्षीदार १: ओनीडा क्रेन, निवृत्त शिक्षिका, शेजारीण.
काही नमूद करायचे असल्यास: काही नाही. कॉबलर उत्तम.

साक्षीदार २: व्हेस्टर ली पोग, दीर, अध्यक्ष, सँडलिक बास क्लब.
काही नमूद करायचे असल्यास: वहिनींनी मला क्लबाच्या पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या विजेत्यांची नावे क्रमाने म्हणून दाखवली, दोन ठिकाणी मीच चुकलो. त्यांचे डोके माझ्यापेक्षा तल्लख आहे. कोणाला शंका असेल तर त्याने मला येऊन विचारावे.